बॉनेट गार होईपर्यंत

आत्याने एकतीस वर्षं शाळेची बस चालवली आणि त्या एकतीस वर्षांत रस्त्यावरच्या एकाही वाहनाला मागे टाकलं नाही. यात तिचा काही दोष नव्हता. बसला वेगाची कडी बसवलेली होती. काटा चाळीसवर आला की इंजिन कण्हायला लागायचं आणि पुढे जायला साफ नकार द्यायचं. सायकलवाले तिच्या खिडकीशी येऊन चार शब्द बोलत आणि पुढे निघून जात. एकदा एक दूधवाला तिला ओलांडून गेला आणि जाताना वर हात करून गेला. ही गोष्ट तिने मला निदान अकरा वेळा सांगितली असेल, आणि अकराही वेळा तिचा आवाज तितकाच दुखावलेला होता.

निवृत्तीनंतर आठव्या दिवशी तिने घरात जाहीर केलं की तिला गाडी घ्यायची आहे. सगळ्यांना आनंद झाला. कोणती गाडी, हे कळेपर्यंत तो टिकला. तिला हवी होती चार दारांची, सहा सिलिंडरची स्पोर्ट्स सेडान. बाहेरून बँकेतल्या साहेबासारखी सभ्य आणि पाय दाबला की साहेब कोट काढून धावायला लागतो, अशी. नवी घ्यायची तर राहतं घर विकावं लागलं असतं. म्हणून जुनी, आणि तिच्या खिशाला झेपणारी जुनी म्हणजे अडीच-पावणेतीन लाख किलोमीटर पळून आलेली.

माझ्या बाबांनी, म्हणजे तिच्या दादाने, डोक्याला हात लावला. त्यांनी तिच्यासाठी एक छोटी पांढरी गाडी आधीच पाहून ठेवली होती. तिच्याबद्दल बोलताना ते ‘सुटसुटीत’ हा शब्द वापरत. आत्या तिला ‘साबणाची वडी’ म्हणे. शेवटी बहीणभावांत तह झाला. आत्याने तीन गाड्या बघायच्या. तिन्ही मिस्त्रीने तपासायच्या. तिसरीलाही मिस्त्री नाही म्हणाला, तर तिने निमूट साबणाच्या वडीत बसायचं आणि पुन्हा विषय काढायचा नाही.

मिस्त्री म्हणजे बस आगारातला मिस्त्री. आत्याची बस तीस वर्षं त्याच्याच हाताखाली होती. त्याच्या दोन रीती होत्या. इंजिन चालू असताना तो तोंडातून अवाक्षर काढत नसे. बोलणाऱ्याला ऐकू येत नाही, असं त्याचं मत होतं. आणि तो ‘पास’ किंवा ‘नापास’ असा शब्द कधी उच्चारत नसे. गाडी नापास असली तर किल्ली मालकाच्या तळहातावर ठेवून तो त्याची बोटं मिटवायचा, अगदी हळुवारपणे, एखाद्याचं हरवलेलं पोर परत करावं तसा. आणि पास असली तर किल्ली स्वतःच्या शर्टाच्या खिशात टाकून वरचं बटण लावायचा. आगारात लोक त्याला विचारत नसत. खिशाकडे बघत.

पहिल्या गाडीची किल्ली त्याने दहा मिनिटांत परत केली. तेलाचं झाकण उघडलं तर आतून दुधाळ साय धरलेली. म्हणजे पाणी आणि तेल यांचं आत गुपचूप जमलेलं. दुसरी गाडी काट्यावर ऐंशी हजार दाखवत होती, पण ब्रेकच्या पेडलचं रबर झिजून पार गुळगुळीत झालं होतं आणि ड्रायव्हरच्या सीटची कड म्हाताऱ्याच्या खांद्यासारखी उतरली होती. मी विमा कंपनीत दाव्यांची छाननी करते. लोक गाडीबद्दल काय काय सांगतात ते ऐकून माझे कान किटले आहेत, पण ऐंशी हजारात इतकी झिजलेली गाडी मीही पाहिली नव्हती. मिस्त्रीने त्याही मालकाची बोटं मिटवली.

राहिली तिसरी.

ती होती एका दंतवैद्याची. गडद निळी, चौदा वर्षांची, दोन लाख चौऱ्याऐंशी हजार पळालेली, एकाच मालकाची. शनिवारी सकाळी आठला आम्ही त्यांच्या फाटकातून आत शिरलो. गाडी घरासमोर धुऊन पुसून उभी होती. आत्या तिच्याकडे बघून थबकली आणि उगीचच पदर नीट करायला लागली. डॉक्टर हसतमुखाने पुढे आले, हात पुढे केला, दुसऱ्या हातात किल्ली. मिस्त्रीने किल्ली तेवढी घेतली. मग तो सरळ गाडीपाशी गेला आणि तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा त्याने बॉनेटवर हात ठेवला.

“गरम आहे,” तो म्हणाला आणि फाटकाकडे वळला.

डॉक्टरांना काही समजेना. आत्याला समजलं होतं, कारण तिचा चेहरा पडला. शेवटी मिस्त्रीने थांबून, मोजूनमापून सांगितलं. गरम इंजिन शहाण्यासारखं वागतं. तेल सगळीकडे पोचलेलं असतं, खडखड दबलेली असते, धूर विरलेला असतो. या वयाच्या गाडीत भीती असते ती टायमिंग चेनची. चेन सैल झाली असेल तर गार इंजिन चालू केल्यावर पहिले तीन सेकंद ती ओरडते. मग तेल चढतं आणि ती गप्प बसते. गप्प बसलेली चेन एक दिवस तुटते आणि जाताना आतलं सगळं घेऊन जाते. “सकाळचं पहिलं खोकणं ऐकल्याशिवाय मी कुणाच्या छातीबद्दल बोलत नाही. आणि जो माणूस आम्ही यायच्या आत इंजिन तापवून ठेवतो, त्याला ते खोकणं आम्हाला ऐकवायचं नसतं.”

डॉक्टरांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. रागाने नाही. ते बुटांकडे बघत म्हणाले की सकाळी सहाला ते एक चक्कर मारून आले. शेवटची. चौदा वर्षं झाली, असं म्हणाले, आणि मग एकदम गुडघ्यांबद्दल बोलायला लागले. दिवसभर लोकांच्या तोंडावर वाकून त्यांच्या कमरेचं आणि गुडघ्यांचं इतकं वाटोळं झालं होतं की या खोल सीटमधून बाहेर पडायला त्यांना दाराला लोंबकळावं लागे. म्हणून उंच, खुर्चीसारखी गाडी घेतली होती. ती शेजारी उभी होती आणि तिच्याकडे कोणी बघत नव्हतं.

खोटं बोलणारा माणूस गुडघ्यांची एवढी माहिती देत नाही, हे मला नोकरीने शिकवलं आहे. पण मिस्त्रीकडे भावनांसाठी वेगळा खण नव्हता. गरम म्हणजे गरम. आज नाही, उद्या सकाळी येऊ. उद्या जमणार नव्हतं, कारण आजच चार वाजता दुसरं गिऱ्हाईक येणार होतं आणि त्याने न तपासताच घेतो असं कळवलं होतं.

“गार व्हायला किती वेळ?” आत्याने विचारलं.

“सहा तास.”

आत्याने पर्स डॉक्टरांच्या पायरीवर ठेवली आणि शेजारी बसली. “मी थांबते,” ती म्हणाली. “एकतीस वर्षं मुलांच्या आयांची वाट बघितली आहे. हे तर नुसतं इंजिन आहे.”

मिस्त्रीने मग गाडीशेजारी वर्तमानपत्र पसरलं आणि तिथेच बैठक मारली. कोणी गुपचूप चालू करू नये म्हणून पहारा, असं त्याचं धोरण असावं. बसल्या बसल्या त्याने गाडी खालून, कडेने, वाकून, आडवं पडून बघायला सुरुवात केली. डॉक्टरांनी मला गाडीची फाइल आणून दिली आणि मी पायरीवर ती उघडली.

अशी फाइल मी आयुष्यात पाहिली नाही. डॉक्टरांनी गाडीचा केसपेपर ठेवला होता. तारीख, किलोमीटर, तक्रार, उपचार, पुढची भेट. ‘पुढील उजवीकडे खालच्या बाजूस कटकट, विशेषतः खड्ड्यात. काढून नवीन बसवले. तेलाचा स्राव नाही.’ एका ठिकाणी ‘रुग्ण सहकार्य करतो’ असंही होतं. मी पानं उलटत गेले, मनातल्या मनात गुण देत गेले, आणि एक लाख बासष्ट हजारावर थांबले. त्यापुढची नोंद एकदम एक लाख एक्क्याण्णव हजाराची होती. मधले एकोणतीस हजार किलोमीटर कोरे.

मी प्रश्न विचारण्याआधी खुर्ची पुढे ओढण्याची सवय असलेली बाई आहे. पायरी ओढता येत नव्हती म्हणून नुसतीच पुढे सरकले आणि विचारलं.

त्या दोन वर्षांत, डॉक्टर म्हणाले, ते आठवड्यातले चार दिवस दुसऱ्या गावी शिकवायला जात होते, रेल्वेने. गाडी घरीच असे. “आमची ही बाजारात वगैरे न्यायची. फार नाही.” मी भागाकार केला. रोजचे चाळीस किलोमीटर. बाजार त्या मानाने भलताच लांब होता.

इकडे आत्या गाडीभोवती फिरत होती. बसचा ड्रायव्हर गाडीभोवती फिरतो तशी, सावकाश, एक हात पत्र्यावरून फिरवत. मागच्या डाव्या दाराशी ती उकिडवी बसली. दाराच्या रबराखाली नख घातलं आणि म्हणाली, “हे दार रंगवलंय.”

डॉक्टर म्हणाले, शक्यच नाही. कंपनीचा रंग आहे, जाहिरातीत तसं लिहिलं आहे, त्यांनी स्वतः लिहिलं आहे. आत्याने त्यांना खाली बसवलं, गुडघ्यांसकट. रबराखाली रंगाची बारीक खरखरीत कड होती, जिथे रंगाऱ्याची चिकटपट्टी संपली होती. “गुडघ्याएवढ्या उंचीवर मार आहे,” ती म्हणाली. “डावीकडे वळताना पुढचं चाक सुटतं आणि मागचं आत कापतं. नवा ड्रायव्हर पुढे बघतो, खांब मागे असतो. माझ्या हाताखाली शिकलेल्या प्रत्येकाने हेच दार घालवलंय.” मग ती उठून फाटकाकडे बघायला लागली. आम्हीही बघितलं. फाटकाच्या डाव्या खांबावर, बरोबर गुडघ्याएवढ्या उंचीवर, सिमेंटचं एक जुनं ठिगळ होतं.

त्याच वेळी डॉक्टरांच्या पत्नी, डॉक्टरीणबाई, चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या. सगळे खांबाकडे बघताहेत हे त्यांनी बघितलं आणि त्या दारातच थांबल्या.

मिस्त्री वर्तमानपत्रावरून उठला. त्याने विजारीची धूळ झटकली आणि किल्ली हातात घेतली. कोरी दोन वर्षं, लपवलेला मार. त्याला आणखी काही ऐकायची गरज नव्हती. तो डॉक्टरांच्या दिशेने चालायला लागला. आत्याने गाडीच्या छतावरचा हात काढून घेतला. निवृत्तीच्या दिवशी तिने बसवरचा हात असाच काढला होता. मी तिथे होते.

“थांबा जरा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ट्रे त्यांनी माझ्या मांडीवर ठेवला आणि आत गेल्या. आल्या त्या बिस्किटांचा चौकोनी डबा घेऊन.

त्यांची कबुली फार थोडक्यात झाली. डॉक्टर चार दिवस नसायचे. गाडी उभी असायची. त्यांना गाडी आवडायची. मंगळवारी आणि शुक्रवारी त्या ती घेऊन हायवेला लागत, सरळ लांबच्या पेट्रोल पंपापर्यंत जात, तिथली कॉफी पीत आणि परत येत. बस. एवढंच. कॉफी वाईट असे. खांब पहिल्याच आठवड्यात लागला होता. रंगारी त्यांनी गुपचूप शोधला, आणि नेहमीच्या गॅरेजला गेलं तर तिथला माणूस डॉक्टरांना सांगेल म्हणून दुसरं गॅरेजही शोधलं.

“तू मला सांगितलं का नाहीस?” डॉक्टरांनी विचारलं.

“अहो, तुम्ही त्या गाडीला फडकं मारताना माझ्यासमोर श्वाससुद्धा हळू घ्यायचात. तुम्हाला काय सांगणार, कप्पाळ?”

डब्यात त्या दोन वर्षांची सगळी बिलं होती, घडी करून, तारखेप्रमाणे लावलेली. मला त्या बाईबद्दल मनापासून आदर वाटला. तीन वेळा तेल बदललेलं, ब्रेकच्या पट्ट्या, एक हवेचा फिल्टर. आणि तळाशी एक लांबलचक बिल. मी ते वाचलं, पुन्हा वाचलं आणि मिस्त्रीच्या हातात दिलं. त्याने ते हात लांब करून वाचलं, ओठ हलवत. टायमिंग चेन, तिचे गाइड, तिला ताणून धरणारा टेन्शनर, पाण्याचा पंप. एक लाख चौऱ्याहत्तर हजारावर. सगळं नवं.

“त्या गॅरेजवाल्याने मला सकाळी बोलावून आवाज ऐकवला,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “म्हणाला, बाई, चेन ओरडतेय. मलाही ऐकू आलं. मग काय करणार? बदलून टाकली. ह्यांना सांगितलं की गच्ची गळत होती, तिला लेप दिला.”

“गच्ची अजून गळते,” डॉक्टर म्हणाले.

“हो. मग?”

मिस्त्रीने बिलाची घडी घातली, बॉनेटवर हात ठेवून पाहिला आणि पुन्हा वर्तमानपत्रावर जाऊन बसला. किल्ली अजून त्याच्या मुठीतच होती. “अजून अडीच तास,” तो म्हणाला.

ते अडीच तास मजेत गेले. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला जेवायलाच बसवलं. जेवण झाल्यावर डॉक्टरांनी फाइल उघडली, बायकोला एकेक तारीख विचारली आणि कोऱ्या जागेत नोंदी भरायला घेतल्या. मी त्यांच्या खांद्यावरून वाचलं. ‘मागील डाव्या दारास इजा. उपचार नातेवाइकांस न कळवता.’ तेवढ्यात बाबांचा फोन आला. आत्या म्हणाली, बॉनेट गार होतंय. बाबांनी विचारलं म्हणजे काय, आणि तिने फोन ठेवला.

दोन वाजता मिस्त्री उठला. बॉनेट गार होतं, रेडिएटर गार, सायलेन्सरही गार. त्याने मला आणि डॉक्टरीणबाईंना धूर बघायला मागे उभं केलं आणि पढवलं: निळा म्हणजे तेल जळतंय, दाट पांढरा आणि गोडसर वासाचा म्हणजे पाणी जळतंय, दोन्हींपैकी काही दिसलं तर बोलायचं नाही, हात वर करायचा. मग त्याने किल्ली देऊन आत्याला स्टेअरिंगमागे बसवलं, लांब दांडीचा स्क्रू-ड्रायव्हर काढला, त्याचं टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि आत्याकडे बघून मान हलवली.

आत्याने किल्ली फिरवली.

एक. दोन. तीन. मी मोजत होते, कारण मला दुसरं काही येत नाही. इंजिन एका दमात उठलं, गळा साफ न करता, आणि कुठेही न अडखळता बोलत राहिलं. मागून थोडी पांढरी वाफ आली आणि हवेत नाहीशी झाली. डॉक्टरीणबाईंनी नाक पुढे करून वास घेतला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. निळं काही नाही. गोड काही नाही. दहा मिनिटं मिस्त्री स्क्रू-ड्रायव्हर इकडून तिकडे हलवत राहिला. मग त्याने बोटाने बंद करायची खूण केली आणि ते झाल्यावरच तोंड उघडलं. वरच्या झाकणाच्या गास्केटमधून तेल पाझरतंय. पुढच्या चाकांचे दोन रबरी बुश फाटले आहेत. मागचे टायर दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे आहेत आणि त्यातला एक कडेवरच्या तारखेप्रमाणे सात वर्षांचा आहे. “हे वय आहे,” तो म्हणाला. “रोग नाही. आता रस्ता.”

डॉक्टर आणि मी मागे बसलो. मिस्त्री पुढे. आत्या पुन्हा गाडीत बसली, सीट सरकवली, तिन्ही आरसे दोन-दोनदा लावले, मग पूर्ण मागे वळून आमच्याकडे बघितलं आणि पुटपुटली, “दोन.” फाटकातून तिने गाडी अशी काढली की डावा खांब हातभर लांब राहिला. डॉक्टरीणबाई खांबापाशीच उभ्या होत्या.

त्यानंतर जे झालं त्याला प्रवास म्हणायचं की मिरवणूक, ते मला ठरवता आलेलं नाही. काटा अडतीसवर होता. रेल्वेचं फाटक उघडं असताना आत्याने गाडी पूर्ण थांबवली, काच खाली केली, दोन्हीकडे कान दिला आणि मग रूळ ओलांडले. हायवे लागला. सरळ, मोकळा, शंभरची पाटी लावलेला. काटा चाळीसवर आला आणि तिथे चिकटला. एक पाण्याचा टँकर आम्हाला ओलांडून गेला. त्याच्या मागून पाणी ठिबकत होतं आणि तेही आमच्यापेक्षा घाईत वाटत होतं.

मिस्त्रीने हाताने खूण केली: दाबा.

“दाबतेय,” आत्या म्हणाली.

काटा चाळीस. मिस्त्रीने पुन्हा खूण केली. काटा चाळीस. इंजिन चालू असल्यामुळे त्याला बोलता येत नव्हतं, आणि न बोलता जेवढं बोलता येतं तेवढं तो बोलून चुकला होता. शेवटी त्याने गाडी कडेला घेऊन बंद करायला लावली.

“चाळीसवर सगळ्याच गाड्या पास असतात,” तो म्हणाला. “चौथ्या गिअरमध्ये टाकून पाय दाबला आणि इंजिनाचा काटा चढला पण गाडी नाही पळाली, तर क्लच गेला. जोरात ब्रेक मारला आणि हातात थरथर आली, तर डिस्क गेल्या. मला यातलं काही कळलेलं नाही. न तपासलेली गाडी मी खिशात घालत नाही, बाई.” मग जरा मऊ आवाजात म्हणाला, “कडी बसमध्येच राहिली असं वाटलं होतं मला. ती तुमच्या पायात आलीय.”

म्हणजे तिसरी गाडी नापास होणार होती, आणि गाडीचा त्यात काही संबंध नव्हता.

आत्या समोर बघत बसली. स्टेअरिंगवर हात दहा वाजून दहा मिनिटांवर, शिकवल्यासारखे. “भीती नाही वाटत,” ती म्हणाली. “पाय जातो खाली. पण मागे कोणीतरी बसलंय ना. मागे कोणी असलं की तो जात नाही.”

मी डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टरांनी माझ्याकडे. हिशेब सोपा होता; मीच तो इतक्या उशिरा केला. “मग आम्ही उतरतो,” मी म्हणाले.

डॉक्टरांना उतरायला वेळ लागला. दाराला लोंबकळले, मग एक पाय, मग दुसरा. आम्ही रस्त्याच्या कडेला गवतात उभे राहिलो. शेवटचं मूल उतरलं की आत्या रोज बसभर मागेपर्यंत जायची, एखादं पोर सीटवर झोपलेलं तर नाही ना हे बघायला. तशीच ती गाडीतून उतरली, मागचं दार उघडलं, वाकून दोन्ही सीट बघितल्या, त्यांच्या खालीही बघितलं. दार लावलं. “शून्य,” ती म्हणाली आणि पुढे जाऊन बसली.

गाडी निघाली. सुरुवातीला नेहमीसारखीच, आरशात बघून, दिवा देऊन. मग आवाज बदलला.

“दुसरा,” डॉक्टर म्हणाले. चौदा वर्षांची ओळख. त्यांना बघायची गरज नव्हती. “तिसरा. वा. चौथा.” गाडी लहान होत गेली. दूरवर तोच टँकर दिसत होता; मध्ये कुठे थांबून पुन्हा निघाला असावा. निळा ठिपका त्याच्या मागे गेला, बाहेर आला, त्याच्या बरोबरीने एक क्षण राहिला आणि मग टँकर एकटाच उरला. “पाचवा,” डॉक्टर म्हणाले, आणि जरा थांबून, किंचित हेव्याने, “सहावा. मी इथे कधी सहावा टाकला नाही.”

गुडघे विसरून ते चवड्यांवर उभे होते.

दहा मिनिटांनी गाडी परतली. लांबून ब्रेक लागला, पुढचं नाक थोडं झुकलं, पण गाडी तसूभर इकडेतिकडे झाली नाही. आमच्याजवळ येऊन थांबली तेव्हा इंजिन चालूच होतं आणि मिस्त्री बोलत होता. तीस वर्षांत कोणी ऐकलं नसेल असं, हातवारे करत, मोठमोठ्याने. क्लच असा धरतो, डिस्कमध्ये कणभर थरथर नाही, बाईंनी टँकर काय घेतला, आणि टँकरवाल्याला हात पण केला. आत्या हसत नव्हती. तिच्या तोंडावर जे होतं ते हसण्याच्या पुढचं होतं. तिला ते आवरायला जागा मिळत नव्हती.

“हात केलास?” मी विचारलं.

“वर करून केला,” आत्या म्हणाली. “त्या दूधवाल्यापासून बाकी होता तो माझ्याकडे.”

तिने इंजिन बंद केलं. मिस्त्रीचा हात पुढे आला. त्याने किल्ली काढली. डॉक्टरांचा तळहात सवयीने, किंवा आशेने, अर्धवट उघडला. मिस्त्रीने त्याकडे बघितलं, किल्ली स्वतःच्या शर्टाच्या खिशात टाकली आणि बटण लावलं. एकदा निसटलं. दुसऱ्यांदा नीट लावलं.

डॉक्टरांच्या घरी परत येऊन किमतीचं बोलणं झालं. मिस्त्रीची दोषांची यादी पुढे ठेवल्यावर डॉक्टरांनी बुश आणि टायरपुरते पैसे सोडले. चारच्या गिऱ्हाइकाला त्यांनी स्वतःच फोन केला आणि गाडी गेली असं सांगितलं. फाइलमध्ये शेवटची नोंद त्यांनी आत्यासमोर केली: ‘प्रकृती उत्तम. पुढील उपचार अन्यत्र.’ मग फाइल तिच्या हातात दिली, आणि डॉक्टरीणबाईंनी त्यावर बिस्किटांचा डबा ठेवला. बाबांना मी फोन करून साबणाची वडी सोडून द्या म्हणून सांगितलं. त्यांनी विचारलं की मागे बसायला जागा कितपत आहे. मी म्हटलं, जागा भरपूर आहे, पण तुम्ही बसलात तर ती चाळीसच्या वर जाणार नाही.

निघताना मिस्त्रीने खिशाचं बटण काढून किल्ली आत्याच्या हातावर ठेवली. बोटं मिटवली नाहीत. आत्याने आरसे लावले, वळून मला मोजलं, आणि गाडी फाटकाशी आणून थांबवली. काच खाली केली. डॉक्टरीणबाई खांबाला टेकून उभ्या होत्या, ठिगळावर हात ठेवून.

“तो पेट्रोल पंप अजून आहे ना?” आत्याने विचारलं. “वाईट कॉफीचा?”

“आहे की.”

“मग तुम्ही पुढे बसा, माझ्या शेजारी. मागे कोणी नको. कधी येऊ, मंगळवारी की शुक्रवारी?”

डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याकडे वळूनसुद्धा बघितलं नाही.

“दोन्ही,” त्या म्हणाल्या.